ग्रोईएल-१ आणि ग्रोईएल-२: क्षयाच्या जिवाणूतली दोन जोडजनुके कशी ओळखायची

ग्रोईएल हे इतर प्रथिनांची घडी बसवायला मदत करणारे प्रथिन. ई. कोलाय या जिवाणूमध्ये त्याचे एकच जनुक असते आणि ते काढले तर जिवाणू कुठल्याच तापमानाला जगत नाही. म्हणून पाठ्यपुस्तकातले चित्र सरळ आहे: ७-७ घटकांच्या दोन कड्यांचे पिंप, त्यावर ग्रोईएस या जोडीदार प्रथिनाचे ७ घटकांचे झाकण, आणि आत कच्च्या प्रथिनाची घडी बसते. हेच चित्र मनात ठेवून मायकोबॅक्टेरियम ट्युबरक्युलोसिसचा, म्हणजे क्षयाच्या जिवाणूचा, जीनोम उघडला की घोटाळा होतो. तिथे ग्रोईएल दोन आहेत. ग्रोईएल-१ (आरव्ही३४१७सी) ग्रोईएसला लागून, त्याच ऑपेरॉनमध्ये, म्हणजे एकत्र वाचल्या जाणाऱ्या जनुकांच्या गटात आहे. ग्रोईएल-२ (आरव्ही०४४०) मात्र जीनोममध्ये दुसरीकडेच, एकटे.

झाकणाशेजारचे जनुक मूळचे आणि कामाचे, एकटे राहिलेले ती जादा प्रत, असे कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात उलटे आहे. ग्रोईएल-२ शिवाय जिवाणू जगत नाही. ग्रोईएल-१ काढून टाकता येते. ग्रोईएल-२ ला लागणारे झाकण दुसऱ्याच ठिकाणच्या ऑपेरॉनमधून येते, आणि त्याने काही अडत नाही.

अमिनो आम्लांच्या क्रमात दोघांचे साम्य ६० टक्क्यांच्या आसपास आहे, लांबीही जवळजवळ सारखीच. त्यामुळे पूर्ण क्रम शेजारी ठेवून डोळ्यांनी फरक शोधत बसू नये. सरळ शेपटीकडे, म्हणजे सी-टोकाकडे जावे. ग्रोईएल-२ ची शेपटी ग्लायसिन आणि मेथिओनिनने भरलेली असते, ई. कोलायच्या ग्रोईएलसारखीच. ग्रोईएल-१ च्या शेपटीत हिस्टिडिनची रांग दिसते. इतकी स्पष्ट खूण क्वचितच मिळते.

ही रांग प्रयोगशाळेत त्रासही देते. मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिस या प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या नातेवाईक जिवाणूमध्ये हिस्टिडिन-टॅग (हिस्टिडिनची मुद्दाम जोडलेली शेपटी) लावलेले प्रथिन बनवून, हिस्टिडिनला धरणाऱ्या निकेलच्या स्तंभावर शुद्ध केले, की जिवाणूचे स्वतःचे ग्रोईएल-१ ही स्तंभाला चिकटते आणि जेलवर ५५ ते ६० किलोडाल्टनच्या पट्ट्यात नको असलेली रेघ उमटते. स्तंभावरून प्रथिन सोडवणारे इमिडाझोल वाढवून ती नेहमी जाईलच असे नाही. खात्रीचा उपाय म्हणजे ग्रोईएल-१ ची शेपटी कापलेला स्मेग्मॅटिसचा वाण वापरणे. असा वाण खास याच कामासाठी बनवलेला आहे.

मग ग्रोईएल-१ करते काय? स्मेग्मॅटिसमध्ये ते काढले तर ढवळत्या द्रवात वाढ ठीक होते, पण जैवपटल (पृष्ठभागावर जमणारा जिवाणूंचा थर) पक्व होत नाही. मायकोलिक आम्ले (जिवाणूच्या भिंतीतली लांब मेदाम्ले) बनवणाऱ्या साखळीतल्या कासए या विकराशी ग्रोईएल-१ जोडले जाते आणि पटल तयार होताना त्या आम्लांची घडण बदलते. क्षयाच्या जिवाणूत ते काढले तर उंदीर आणि गिनीपिगमध्ये जिवाणूंची संख्या नेहमीसारखीच वाढते, मात्र नेहमीच्या ग्रॅन्युलोमाच्या (रोगप्रतिकारक पेशींच्या) गाठी होत नाहीत. हे घडी घालण्याचे सामान्य काम नव्हे. जुने काम एका प्रतीकडे राहिले आणि दुसरीने नवा धंदा धरला, याला नवकार्यप्राप्ती म्हणायला इथे पुरेसा आधार आहे.

इथेच एक सापळा. बीएक्सबी१ हा जिवाणूभक्षी विषाणू स्मेग्मॅटिसमध्ये नेमका ग्रोईएल-१ मध्येच शिरतो. त्याच्या जागेवर बसणारे वाहक (जनुक आत नेणारे डीएनए) वापरून कुठलेही जनुक घातले, तर पटल न बनण्याचे कारण तुमचे जनुक नसून मोडलेले ग्रोईएल-१ असू शकते. नियंत्रण म्हणून रिकामा वाहक घातलेला वाण ठेवलाच पाहिजे.

नियमनात मात्र दोघे सख्खे भाऊ आहेत. दोघांच्या सुरुवातीच्या आधी सर्सी नावाचा डीएनए-क्रम असतो: ९ बेसांचा तुकडा, मधे ९ चे अंतर, मग त्याचाच उलटा ९ चा तुकडा. एचआरसीए हे दमनकारी प्रथिन त्यावर बसून जनुक दाबून ठेवते आणि उष्णतेने सुटते. म्हणून केवळ ‘उष्णतेने वाढले’ एवढ्यावरून दोघांत भेद करता येत नाही. क्यूपीसीआरचे (जनुक किती व्यक्त होते ते मोजण्याच्या पद्धतीचे) प्रायमर, म्हणजे सुरुवातीचे छोटे डीएनए तुकडे, मधल्या सारख्या भागातून घेतले तर दोन्ही मोजली जातात. किमान एक प्रायमर जनुकाच्या ३-प्राइम टोकाकडे, म्हणजे शेपटीच्या भागात ठेवावा, आणि ग्रोईएल-१ नसलेल्या वाणाच्या डीएनएवर तपासून घ्यावा. उलट तपासणी करता येत नाही, कारण ग्रोईएल-२ नसलेला जिवंत वाण मिळणारच नाही. निदानात वापरले जाणारे एचएसपी६५ हे जनुक म्हणजे ग्रोईएल-२च. प्रजाती ओळखायला त्याचा ४४१ बेसांचा तुकडा वाढवून बीएसटी-ईटू आणि एचएई-थ्री या विकरांनी कापतात.

मायकोबॅक्टेरियाचा हा हिशेब इतर जिवाणूंना लावू नये; १ आणि २ हे क्रमांक तर मुळीच नाहीत. सिनेकोकॉकस इलाँगेटस या सायनोबॅक्टेरियात ग्रोईएसशेजारचे ग्रोईएल-१ अत्यावश्यक आहे आणि ग्रोईएल-२ काढता येते, पण मग उच्च तापमान सोसत नाही. मिक्सोकॉकस झँथसमध्ये कुठलेही एक चालते, दोन्ही काढता येत नाहीत. तिथे एकाचा संबंध बीजाणू बनवण्याशी, दुसऱ्याचा इतर जिवाणूंची शिकार करण्याशी. त्याला कामाची वाटणी म्हणणे जास्त बरोबर.

वंशवृक्ष काढताना प्रथिनांचा क्रम घ्यावा, डीएनएचा नव्हे. ही द्विरावृत्ती (एका जनुकाच्या दोन प्रती होणे) इतकी जुनी आहे की समानार्थी बदल, म्हणजे अमिनो आम्ल न बदलणारे डीएनएतले बदल, संपृक्त झालेले असतात: त्याच जागा पुन्हा पुन्हा बदललेल्या असतात. त्यांच्यावरून काढलेले निवडीचे गुणोत्तर (अमिनो आम्ल बदलणारे बदल भागिले न बदलणारे) आकडा देते, अर्थ देत नाही. त्यात मायकोबॅक्टेरियाचे जीसी प्रमाण (डीएनएतल्या जी आणि सी बेसांचा वाटा) ६५ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे कोडॉनची तिसरी जागा आधीच एका बाजूला झुकलेली. शेपट्या कापूनच मांडणी करावी, नाहीतर हिस्टिडिनची रांग चुकीच्या फांद्या एकत्र आणते. स्मेग्मॅटिसमध्ये तर तिसरे ग्रोईएलही आहे. ते फारच कमी प्रमाणात व्यक्त होते आणि बहुधा दुसऱ्या जिवाणूकडून आलेले आहे. जीनोममध्ये तीन प्रती मोजल्या म्हणून दोन द्विरावृत्त्या झाल्या असे लिहिण्याआधी त्याची फांदी इतर दोघांजवळ बसते का, हे पाहावे.