मोटरला घाम येत नाही

मे महिन्यात रत्नागिरीत पारा 33-34 अंशांच्या आसपासच असतो. विदर्भाच्या मानाने हे काहीच नाही, तरी जीव नकोसा होतो, कारण हवेत आधीच इतकं बाष्प असतं की अंगावरचा घाम वाळत नाही. आरसी कारच्या, म्हणजे रिमोटवर पळणाऱ्या शर्यतीच्या गाडीच्या मोटरला या दमटपणाचं फारसं काही वाटत नाही. तिला घाम येत नाही. ती थंड होते अंगावरून जाणाऱ्या हवेने, आणि ते काम दमट हवाही कोरड्या हवेइतकंच करते. त्यामुळे ‘कोकणातली हवाच अशी, मोटर तापणारच’ हे गाऱ्हाणं मला पटत नाही. तापण्याचं कारण बहुतेक वेळा पिनियनमध्ये सापडतं.

पिनियन म्हणजे मोटरच्या दांड्यावरचं छोटं दातेरी चाक. ते स्पर नावाचं मोठं चाक फिरवतं. 20 दात्यांच्या जागी 22 दात्यांचं पिनियन बसवलं, तर मोटरच्या तेवढ्याच फेऱ्यांत गाडी 10 टक्के जास्त अंतर कापते. पण वळणातून बाहेर पडताना चाकांना पूर्वीइतकाच जोर हवा असेल, तर मोटरला तो 10 टक्के जास्त लावावा लागतो. जोर वीजप्रवाहाच्या प्रमाणात असतो आणि तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या. 1.1 गुणिले 1.1 म्हणजे 1.21. दोन दाते वाढवले आणि तारेतली उष्णता 21 टक्क्यांनी वाढली. शिवाय तापलेल्या तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे 0.4 टक्के वाढतो, म्हणजे गरम मोटर आणखी गरम व्हायला टेकलेलीच असते.

फिरणारी मोटर एकाच वेळी छोटं जनित्रही असते. चुंबक फिरला की वेटोळ्यांमध्ये बॅटरीच्या विरुद्ध दिशेचा विद्युतदाब तयार होतो. भौतिकशास्त्रज्ञ लेन्झने 1834 मध्ये मांडलेला नियम तो हाच. वेग वाढेल तसा हा उलटा दाब वाढतो आणि प्रवाह आटोक्यात येतो. गाडी उभी असताना तो शून्य असतो, म्हणून सर्वांत मोठा प्रवाह निघतानाच जातो. वेटोळ्यातल्या तारेच्या वेढ्यांचा हिशेबही इथूनच सुटतो. शर्यतींमध्ये 21.5, 17.5, 13.5 वेढ्यांचे वर्ग असतात. वेढे कमी असले की उलटा दाब कमी पडतो, त्यामुळे मोटर जास्त वेगाने फिरते आणि प्रवाहही जास्त ओढते. म्हणून वेढे कमी केले की पिनियनही लहान करायचं. हे दुसरं काम विसरणारे पुष्कळ.

सगळ्यात गोडी लागते ती टायमिंगची, म्हणजे वेटोळ्यात प्रवाह किती आधी सुरू करायचा ते ठरवण्याची. ब्रशलेस मोटरच्या मागच्या झाकणावर अंशांच्या खुणा असतात आणि ते थोडं फिरवता येतं. आतल्या दोन ध्रुवांच्या रोटरच्या, म्हणजे फिरत्या चुंबकाच्या, एका फेरीत प्रवाह सहा वेळा बदलावा लागतो. मिनिटाला 20,000 फेरे धरले तर सेकंदाला 2,000 बदल, म्हणजे प्रत्येकाला अर्धी मिलिसेकंद. वेटोळ्यात प्रवाह एकदम चढत नाही, त्याला वेळ लागतो. लाट अंगावर आल्यावर होडीला जोर लावून उपयोग नसतो, खांदा आधीच लावावा लागतो. इथेही प्रवाह थोडा आधी सुरू करायचा. त्याने वरचा वेग वाढतो. पण फार आधी सुरू केला तर काही प्रवाह जोर न देता नुसता तापवतो. माझं मत विचाराल तर नवशिक्याने टायमिंगला हात लावूच नये. आधी पिनियन आणि थर्मामीटर.

तापमान बाहेरून इन्फ्रारेड थर्मामीटरने बघतात. आतली तार आवरणापेक्षा गरमच असते, आणि गाडी थांबली की वारा थांबतो, म्हणून आवरण आणखी काही मिनिटं तापत राहतं. लगेच घेतलेला आकडा फसवा. आवरण 70-75 अंशांच्या पुढे जात असेल तर मी एक दाता कमी करेन. आतला चुंबक निओडिमियमचा असतो. त्याचा साधा प्रकार 80 अंशांपर्यंतच भरवशाचा. वरच्या दर्जाचे बरंच जास्त सोसतात. चुंबक कायमचा दुबळा झाला की गंमत होते: चाकं उचलून धरली तर मोटर पूर्वीपेक्षा जोरात फिरते, कारण उलटा दाब कमी पडतो. घरी बघून वाटतं, वा, सुधारली! जमिनीवर ठेवली की जोर नाही आणि तापणं मात्र जास्त.

दमटपणा सोडला तरी किनाऱ्याचे खरे शत्रू आहेतच. खाऱ्या वाऱ्याने बेअरिंग गंजतात. सड्यावर, म्हणजे कोकणातल्या उघड्या पठारावर, सपाट जांभा मिळतो, धावपट्टीला उत्तम (कातळशिल्पं असतील तिथे मात्र गाडी नको). तिथली लाल धूळ बारीक, बेअरिंगमध्ये शिरते. रत्नागिरीतल्या मांडवीच्या ‘काळ्या समुद्रा’ची, म्हणजे काळ्या वाळूच्या किनाऱ्याची, गोष्ट वेगळी. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या दख्खनच्या बेसाल्टमधून नद्यांनी आणलेली इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट ही खनिजं त्या वाळूत आहेत. प्लॅस्टिकच्या पिशवीत चुंबक घालून पुळणीवर फिरवा, पिशवीला काळी मिशी फुटते. ती मॅग्नेटाइटची करामत.

शर्यतीच्या मोटरला थंड ठेवायला खिडक्या असतात, आणि त्याच खिडक्यांतून हे कण थेट रोटरवर जाऊन बसतात. शिंपल्यांची पांढरी वाळू झटकली की जाते, ही चिकटते. रोटर आणि त्याच्याभोवतीच्या स्थिर भागामधली (स्टेटरमधली) फट अगदी बारीक, तिथे ती घासत राहते. बंद आवरणाची मोटर वापरली तर वाळू येत नाही, पण उष्णताही बाहेर जात नाही, म्हणजे पुन्हा पिनियन लहान. खिडक्यांवर बारीक जाळीचं कापड ताणणं हा मधला मार्ग. आणि कण बसलेच, तर ब्रशने झाडू नका, ते चुंबकावर नुसते जागा बदलतात. मोटर उघडून रोटरवर चिकटपट्टी दाबायची आणि उचलायची, पट्टी कोरी निघेपर्यंत.