ब्रॉयलर चिकन तपासून घ्यायचंय? कलम 40 चा अर्ज असा करा

कोंबडी लवकर भरावी म्हणून खाद्यात कोलिस्टिन हे अँटिबायोटिक मिसळलं जायचं. माणसाच्या गंभीर संसर्गात डॉक्टर अगदी शेवटी वापरतात ते हेच औषध. केंद्राने जुलै 2019 मध्ये खाद्यप्राण्यांसाठी त्यावर बंदी घातली. तरी शंका असेल तर अन्न सुरक्षा आणि मानके कायदा 2006 च्या कलम 40 नुसार ग्राहक स्वतः नमुना तपासून घेऊ शकतो.

पात्रता एकच, माल तुम्ही विकत घेतलेला हवा. मात्र घेतानाच दुकानदाराला ‘हे तपासायला देणार आहे’ असं सांगावं लागतं. घरी आणून रस्सा उकळल्यावर शंका आली, तर हे कलम कामाचं नाही.

कागदपत्रं फार नाहीत: साधा अर्ज, ओळखपत्राची प्रत, बिल आणि शुल्क. अडतं ते बिलापाशी. चिकनवाल्याकडे बिल मागितलं की चिठोऱ्यावर ‘240’ खरडून मिळतं. त्यावर दुकानाचं नाव, तारीख, वजन आणि सही घ्याच. मांस कच्चंच, स्वच्छ डब्यात, बर्फावर ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवा. किती लागेल ते आधी तिथे विचारा.

आता खरी मेख. अर्जात ‘भेसळ आहे का पाहा’ एवढंच लिहू नका. यंत्र शोधतं तेच सापडतं, म्हणून अँटिबायोटिक औषधांची नावं लिहा: कोलिस्टिन, क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरान. शेवटचं मूळ रूपात लवकर नाहीसं होतं, पण त्याचे घटक मांसातल्या प्रथिनांना चिकटून राहतात. तपासणी त्यांचीच होते. त्या प्रयोगशाळेची एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता याच चाचण्यांसाठी आहे ना, तेही विचारा. आणि व्हॉट्सअ‍ॅपवरच्या ‘कोंबडीला हार्मोनचं इंजेक्शन देतात’ या अफवेमागे पैसे घालवू नका. हजारो पिल्लांना एकेक सुई कोण टोचत बसणार? ब्रॉयलर सहा आठवड्यांत तयार होतो तो निवडक पैदास आणि खाद्यामुळे.

नमुना मिळाल्यापासून 14 दिवसांत अन्न विश्लेषकाने (नमुना तपासणारा नियुक्त तज्ज्ञ) अहवाल तुम्हाला द्यायचा असतो. प्रत पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे (अन्न सुरक्षा कायद्याखाली त्या भागासाठी नेमलेला अधिकारी) जाते. माल कायद्यात बसत नसेल तर शुल्क परत मिळतं आणि पुढची कारवाई अन्न व औषध प्रशासन करतं. ‘आढळले नाही’ असा शेरा असेल, तर त्याच्याशेजारी छापलेली शोधमर्यादाही, म्हणजे चाचणीत सापडू शकणारं कमीत कमी प्रमाण, वाचा. ती बहुधा किलोमागे मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे अब्जातल्या भागात असते.

नुसती तक्रारच करायची असेल, तर राज्याचा टोल फ्री क्रमांक 1800-222-365 आहे.