विसावा आणि विरंगुळा: संध्याकाळी कोणाला काय हवं असतं

मकरपुऱ्याच्या जीआयडीसीतून, म्हणजे औद्योगिक वसाहतीतून, दांडिया बाजारात घरी पोचेपर्यंत मला साडेसहा-पावणेसात होतात. चपला काढल्या, हातपाय धुतले की मी पहिली टेकते ती झोपाळ्यावर. बडोद्यात घर मराठी असो की गुजराती, झोपाळा बहुधा असतोच. आमचा आजेसासऱ्यांच्या वेळचा आहे, पितळी कड्यांचा. डोळे मिटते न मिटते तोच सात वर्षांचा धाकटा येतो, फळीवर दोन्ही पाय रोवून उभा राहतो आणि जोर लावतो. मला झोका हवा असतो जेमतेम हलणारा, त्याला हवा असतो मागच्या भिंतीला टेकणारा. "आई, पाय वर घे ना!" "अरे, दोन मिनिटं थांब रे राजा." यापुढचं भांडण अगदी ठरलेलं.

बरेच दिवस मला वाटायचं की आम्हा दोघांना हवं ते एकच आहे. दिवसभराचा शीण काढायचाय, झोपाळा एक आणि माणसं दोन, म्हणून ओढाताण. पण तसं नव्हतं. मला विसावा हवा होता आणि त्याला विरंगुळा. 'आराम' म्हणून आपण दोन्ही एकाच पिशवीत भरतो आणि मग संध्याकाळी घरात कुणाचंच पोट भरत नाही.

विसावा हा शब्द विश्रामावरून आला. गुजरातीत त्याचाच भाऊ आहे, 'विसामो'. डाकोरला रणछोडरायाच्या दर्शनासाठी पुनवेला पायी निघालेल्या लोकांकरता रस्त्याकडेला मांडव घालतात, त्यावर हा शब्द लिहिलेला दिसतो. आत काय असतं? अंथरलेली सतरंजी, पाणी, चहा. पायांचं ओझं उतरवायला जागा. तिथे कुणी तुमची करमणूक करत नाही आणि तुम्हीही काही करून दाखवायचं नसतं. विसाव्यात मिळवायचं काहीच नाही, फक्त खाली ठेवायचं असतं.

विरंगुळ्यात थांबणं नाही, पालट आहे. ज्यात दिवस गेला त्यापेक्षा वेगळ्या कशात तरी मन आणि अंग घालायचं. त्यात माणूस दमला तरी बिघडत नाही, उलट घाम आला की बरं वाटतं. पत्ते, गप्पा, पेटी वाजवणं, क्रिकेट, कमाटीबागेत पोरांनी उगाच पळत सुटणं, हा सगळा विरंगुळाच.

वारीत हा फरक एकाच दिवसात दिसतो. पालखी वाटेत विसाव्याला थांबते, तेव्हा वारकरी झाडाखाली आडवे होतात, पाय चेपतात. आणि त्याच वाटेवर चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण लागलं की कोसन् कोस चालून आलेली तीच माणसं फुगड्या घालतात, उड्या मारतात. विसावा मिळाला म्हणून रिंगण कुणी वगळत नाही आणि रिंगणात नाचलो म्हणून विसावा नको, असंही कुणी म्हणत नाही.

आता संध्याकाळच्या घराकडे येऊ. कामावरून आलेल्या माणसाला गप्प का बसावंसं वाटतं? मानसशास्त्रज्ञ रेना रेपेटी यांनी १९८९ साली विमानतळावरच्या हवाई वाहतूक नियंत्रकांचा अभ्यास केला. ज्या दिवशी कामाचा ताण जास्त, त्या दिवशी ते घरी आल्यावर कमी बोलत, स्वतःला मिटून घेत. पुढे १९९७ मध्ये त्यांनी आणि जेनिफर वुड यांनी नोकरी करणाऱ्या आया आणि त्यांची लहान मुलं पाहिली. तिथेही हेच. अवघड दिवसानंतर आई मुलाशी कमी बोलते, कमी गुंतते. हे वाचलं तेव्हा मनावरचं एक दडपण उतरलं. मी आईपणात कमी पडते म्हणून झोपाळ्यावर डोळे मिटत नव्हते. दिवसभर हिशेबांच्या चुका शोधून, फोन घेऊन झाल्यावर आवाज आणि प्रश्न थोडा वेळ बंद व्हावेत, ही मनाची साधी मागणी होती.

मुलाचं याच्या उलट आहे. तोही दिवसभर कामावरच होता, पण त्याचं काम म्हणजे स्वतःला आवरून धरणं. बाकावर बसायचं, विचारल्याशिवाय बोलायचं नाही, शेजारच्याने रबर घेतला तरी ढकलायचं नाही. मन आवरणारा मेंदूचा पुढचा भाग पुरता पिकायला पंचविशी उजाडते, सातव्या वर्षी तर तो कोवळाच असतो. सहा तास मूठ आवळून धरली की घराच्या उंबऱ्यात ती सुटते. म्हणून शाळेत 'फार शांत मुलगा' असलेलं पोर घरी आल्यावर दप्तर फेकतं आणि बिस्किटाचा तुकडा पडला म्हणून रडतं. तो हट्ट नसतो. जिथे ओरडा बसला तरी माया कमी होत नाही, तिथेच तो सैल पडतो. त्याला हवं असतं हलणं, ओरडणं, कुणी नियम न सांगता खेळणं. ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल इतपत हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ती शाळेच्या बाकावर होत नाही आणि शिकवणीच्या सतरंजीवरही नाही.

मग आपण काय करतो? मुलाला 'गप्प बस जरा' म्हणून आपला विसावा त्याच्या गळ्यात घालतो आणि तो बसत नाही म्हणून हातात मोबाइल देतो. आणि स्वतः विसाव्याच्या नावाखाली आडवं पडून दुसऱ्या मोबाइलवर व्हिडिओ सरकवत राहतो. माझ्या मते घोटाळा इथेच होतो. मोबाइल विसाव्यासारखा दिसतो, कारण अंग निजलेलं असतं. पण डोळे, कान आणि मन राबत असतात. तो विरंगुळाही पुरता नाही, कारण त्यात हात-पाय नाहीत, समोर माणूस नाही आणि स्वतः केल्याचं समाधान नाही. अर्ध्या तासाने उठल्यावर स्वतःला विचारून बघा. विसावा झाला असेल तर अंग हलकं वाटतं, मान मोकळी होते, एखादी जांभई येते. विरंगुळा झाला असेल तर पाय दुखले तरी चेहरा उजळलेला असतो. मोबाइल ठेवल्यावर मला यातलं काहीच होत नाही, फक्त 'अगं बाई, आठ वाजले' एवढंच होतं.

सगळी मोठी माणसं विसाव्याची आणि सगळी लहान विरंगुळ्याची, अशी सरळ वाटणी मात्र करू नका. मी ती केली आणि दोघींना दुखावलं.

सासूबाई दिवसभर घरात एकट्या असतात. स्वयंपाक, दळण, दुपारी थोडा डोळा. मी आल्यावर म्हणायचे, "आई, तुम्ही आता आत जाऊन निवांत पडा, मी बघते." मला वाटायचं मी त्यांची काळजी घेते आहे. त्यांचा दिवस निवांतपणातच गेलेला असायचा. त्यांना त्या वेळी हवा असायचा विरंगुळा: ऑफिसात काय झालं ते ऐकायचं, भाजीवाल्याने कसं फसवलं ते सांगायचं, नातवाबरोबर पत्त्यांचा एक डाव. मी त्यांना आदराने खोलीत धाडत होते आणि त्या मुकाट्याने जात होत्या. एके दिवशी त्या एवढंच म्हणाल्या, "पडून पडून पाठ दुखते गं." मला फार लागलं ते.

दुसरी माझी तेरा वर्षांची लेक. शाळा, मग शिकवणी, सात वाजता घरी. ती आली की मी उत्साहाने विचारायचे, "काय झालं आज? कोण भेटलं? पेपर मिळाला का?" ती खोलीत जाऊन दार लोटून घ्यायची आणि मी म्हणायचे, शिंगं फुटली आहेत. तिला विसावा हवा होता, माझ्यासारखाच, माझ्याइतकाच. आता मी तिच्यासमोर उपम्याची बशी ठेवते आणि बाजूला होते. नऊच्या सुमारास ती आपणहून ओट्याशी येऊन उभी राहते आणि सगळं सांगते, अगदी न विचारलेलंसुद्धा.

म्हणून आमच्याकडे आता आधी विचारायचं असतं: तुला थांबायचंय की पालट हवाय? धाकट्यालाही हे कळतं. तो म्हणतो, "मला पळायचंय." आमच्या भागात जुम्मादादा व्यायाम मंदिर आहे, प्रोफेसर माणिकरावांचं नाव त्याच्याशी जोडलेलं. माझे सासरे लहानपणी तिथे मल्लखांब करायला जात. दिवसभर आवरून धरलेली पोरं संध्याकाळी घाम गाळून परत आणायची, हे आपल्या आधीच्या पिढ्यांना सांगावं लागलं नाही. धाकटा सहा ते सात बाहेर असतो, कधी आखाड्यात, कधी गल्लीत. मी येते तेव्हा झोपाळा रिकामा असतो.

त्या वेळाचं एक पथ्य मी पाळते: वीस मिनिटं, आणि ती माझ्या मर्जीची. साबिने सोननटाग आणि शार्लोट फ्रिट्झ यांनी २००७ मध्ये कामानंतर माणूस कसा सावरतो याचे चार भाग मांडले: कामापासून मन सुटणं, सैलावणं, काही नवं जमवण्याचा आनंद, आणि तो वेळ कसा घालवायचा हे आपल्या हातात असणं. मला या चौथ्याचं महत्त्व फार उशिरा कळलं. कुणीतरी 'बस आता पाच मिनिटं' म्हणून बसवलं आणि कुकरच्या शिट्ट्या मोजत बसले, तर तो विसावा होत नाही. ती वीस मिनिटं शिट्ट्या सासूबाई मोजतात. आणि त्यानंतरचा अर्धा तास माझा त्यांच्याशी गप्पांचा, भाजी निवडत.

झोपेचं गणित मात्र उलटीकडून मांडावं लागतं. ६ ते १२ वर्षांच्या मुलाला दिवसात ९ ते १२ तास झोप लागते. शाळेची व्हॅन सकाळी पावणेसातला येते, म्हणजे उठायचं सहाला, म्हणजे निजायचं नऊच्या आत. त्यामुळे धाकट्याचा दंगा साडेसात-आठला संपलाच पाहिजे. नाहीतर अति दमलेलं मूल पेंगत नाही, ते आणखी चेकाळतं, आणि आपल्याला वाटतं अजून खेळायचंय त्याला. त्या घडीला त्याला विसावाच लागतो: दिवा मंद, अंगावर हात, एखादी गोष्ट.

पावसाळ्यात हे सगळं कोलमडतं. विश्वामित्री नदी फुगली, रस्त्यात पाणी आलं की बाहेर जाणं नाही, आणि झोपाळा पुन्हा एकच. मागच्या पावसात आम्ही तह केला. साडेसहा ते सात फळी त्याची, हवा तेवढा जोर लाव, भिंतीला उशी बांधली आहे. मी पलीकडे, देव्हाऱ्याच्या भिंतीशी चटई टाकते आणि आडवी होते. कड्या कुरकुरत राहतात. त्या आवाजात माझा डोळाही लागतो.