उतारवयातले कान, डोळे आणि मुंबईचा वसंत

फेब्रुवारी लागला की मुंबईत सकाळपासून 'टुक् टुक् टुक्' सुरू होतं. हा तांबट. चिमणीपेक्षा किंचित मोठा, अंगाने हिरवा, कपाळावर आणि छातीवर लाल पट्टा. मुंबईचा शहरपक्षी म्हणून त्याची निवड झालेली असली, तरी तो दिसतो थोड्यांनाच. ओरडताना मान इकडेतिकडे वळवत राहतो, त्यामुळे आवाज नेमका कुठून येतोय ते उमगत नाही. चोच मिटलेलीच असते, फुगतो तो गळा.

सत्तरीत पक्षी बघायची हौस लागली असेल, तर मी तांबटापासूनच सुरुवात करायला सांगेन. वय वाढतं तशा आतल्या कानातल्या केसपेशी मरत जातात, आणि त्यातही उंच स्वर टिपणाऱ्या आधी. त्या पुन्हा उगवत नाहीत. म्हणून शिंजिराची, म्हणजे फुलांतला मध पिणाऱ्या इवल्या पक्ष्याची, बारीक चिवचिव नातवाला ऐकू येते, आजोबांना नाही. यात आजोबांचं लक्ष नसतं असं काही नाही. तांबटाचा स्वर मात्र हजार हर्ट्‌झच्या आसपासचा, खालचा. उतारवयातल्या कानालाही तो बहुधा पोचतो. तोही ऐकू येईनासा झाला, तर कानाची तपासणी पुढे ढकलू नये.

डोळ्यांचं गणित याहून गमतीचं आहे. डोळ्यातलं भिंग वयाबरोबर पिवळसर होत जातं आणि निळा-जांभळा प्रकाश अडवू लागतं. बाहुलीही लहान होते. साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्यापेक्षा साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. लाल आणि केशरी रंगांना मात्र हे भिंग फारसं अडवत नाही. आणि आपला वसंत नेमका त्याच रंगांचा! काटेसावर, पांगारा, पळस. तिन्ही झाडं पानं झाडून नुसती फुलांनी पेटतात. हा लाल रंग पक्ष्यांसाठी आहे. मधमाशीला लाल धड दिसत नाही, पक्ष्यांना तो लांबूनही दिसतो. फुललेल्या पांगाऱ्याखाली दहा मिनिटं बसा. मैना येतात, बुलबुल येतात, कावळासुद्धा फुलात चोच खुपसून मध पितो आणि कपाळाला परागांची पूड लावून उडून जातो. काटेसावरीचं जाड, मांसल फूल वरून पडतं तेव्हा 'थप्' असा चक्क आवाज होतो.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात ही तिन्ही झाडं आहेत. गुडघे कुरकुरत असतील तर भायखळ्याची राणीची बाग बरी: वाटा सपाट, बसायला बाकं, झाडं जुनी. बुधवारी मात्र ती बंद असते.

अडवल्या गेलेल्या त्या निळ्या प्रकाशाचं आणखी एक काम असतं. डोळ्यातल्या काही पेशी त्याच्यावरूनच मेंदूला दिवस उजाडल्याचं कळवतात आणि शरीराचं झोपेचं घड्याळ लागतं. घरात ट्यूबलाइटखाली दोन-तीनशे लक्स (हे उजेड मोजायचं एकक) उजेड असतो, तर सकाळी बाहेर झाडाच्या सावलीतही काही हजार. म्हणून बाहेर पडायचं. पण 'सकाळचं फिरणं सर्वांना चांगलं' हे सरसकट खरं नाही. ज्यांना रात्री आठलाच पेंग येते आणि तीनला टक्क जाग येते, त्यांचं घड्याळ पहाटेच्या उजेडाने आणखी अलीकडे सरकतं. त्यांनी संध्याकाळी उजेड असताना चौपाटी गाठावी.

नाकही मंदावतं, पण बहुतेकांच्या ते ध्यानातच येत नाही. गंधाच्या पेशी कानातल्या पेशींसारख्या नाहीत, त्या नव्याने तयार होत राहतात. जर्मनीतल्या ड्रेस्डेनचे संशोधक टोमास हुमेल यांनी २००९ मध्ये वास गेलेल्या माणसांना बारा आठवडे रोज दोनदा गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी हुंगायला दिलं, तेव्हा काहींना पुन्हा वास येऊ लागला. पाडव्याच्या सुमारास कडुनिंब फुलतो, बाजारात मोगरा येतो. जाता-येता थांबून हुंगायला काय हरकत आहे?

जपायचं ते उन्हाला. मार्चमध्ये मुंबईवर कधी कधी पूर्वेकडून कोरडे वारे येतात, समुद्रावरचा वारा सुटायला दुपार होते आणि पारा एकदम चढतो. २८ मार्च १९५६ ला सांताक्रूझला ४१.७ अंश नोंदले गेले होते. म्हातारपणी तहानेची जाणीव बोथट होते, घामही उशिरा सुटतो. तेव्हा तहान लागायची वाट न बघता घोट-घोट पाणी प्यावं. लघवी जास्त होण्याच्या गोळ्या चालू असतील, तर पाण्याचं प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावं.

रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघायला शिवडीला जायचं असेल, तर घड्याळाआधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा. ओहोटीला ते चिखलात दूरवर पांगतात, भरती चढू लागली की पाणी त्यांना किनाऱ्याकडे आणतं. ऐरोलीहून खाडीत नेणाऱ्या बोटीही भरती बघूनच सुटतात. शिवडीला जाताना घडीचं स्टूल आणि टोपी बरोबर असू द्या, तिथे सावली कमीच आहे.