घरगुती आर्केड कंट्रोल : उघडलेला गेमपॅड आणि कीबोर्ड एन्कोडर

व्हिडिओ गेम पार्लरच्या यंत्राला असते तशी जॉयस्टिक आणि बटणे लाकडी फळीवर बसवून ती घरच्या संगणकाला जोडणे, म्हणजे घरगुती आर्केड कंट्रोल. फळी सुतार करून देतो, जॉयस्टिक आणि बटणे विकत मिळतात. अडते ते मधल्या सर्किटवर: बटण दाबले गेले हे संगणकाला सांगायचे कोणी? त्यासाठी दोन वाटा रुळल्या आहेत. एक, बाजारातला गेमपॅड उघडून त्याच्या आतल्या सर्किटच्या पट्टीवर आपल्या बटणांच्या तारा सोल्डर करायच्या. दुसरी, कीबोर्ड एन्कोडर घ्यायचा. तो प्रत्येक बटणाला कीबोर्डची एकेक कळ नेमून देतो आणि संगणकाच्या लेखी कोणीतरी टाइप करत असते. यातले काय निवडावे याची चर्चा बहुधा किमतीवर आणि वेगावर होते. कोकण किनाऱ्यावर मात्र खाऱ्या, दमट हवेत उघडे राहणारे सोल्डरचे जोड किती, हा हिशेब आधी मांडावा लागतो.

पार्लरच्या यंत्राला असले मधले सर्किट लागतच नसे. जपानी उत्पादकांच्या संघटनेने १९८५ च्या सुमारास रूढ केलेल्या ‘जामा’ जोडणीत ५६ टोकांचा एकच कनेक्टर असे आणि प्रत्येक बटणाची तार थेट खेळाच्या बोर्डाच्या आपापल्या टोकाला जाई. संगणकाला अशी टोके नसतात. निकोला साल्मोरिया या इटालियन प्रोग्रॅमरने फेब्रुवारी १९९७ मध्ये ‘मेम’ या प्रोग्रॅमची पहिली आवृत्ती आणली, जुने आर्केड खेळ संगणकावर चालू लागले आणि घरगुती फलकांना निमित्त मिळाले. आपल्याकडे सगळे ज्याला ‘मुस्तफा’ म्हणूनच ओळखतात तो कॅपकॉमचा १९९३ चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ दोन बटणांवर चालतो, ‘किंग ऑफ फायटर्स ९७’ला चार लागतात, ‘स्ट्रीट फायटर २’ला सहा. म्हणून सर्व खेळांना पुरेल असा फलक करायचा तर एका खेळाडूमागे जॉयस्टिकच्या आतले चार छोटे स्विच म्हणजे मायक्रोस्विच, सहा बटणे, एक स्टार्ट आणि एक कॉइन (नाणे टाकल्याची खूण देणारे बटण) असे १२ स्विच धरावेत. पुढचा सगळा हिशेब या १२ वर आहे.

गेमपॅडची वाट

गेमपॅडचे मागचे स्क्रू काढले की रबरी टोप्या निघतात. प्रत्येक टोपीच्या पोटात काळी कार्बनची टिकली असते आणि तिच्या खाली पट्टीवर दोन कंगवे एकमेकांत गुंतवल्यासारखी काळी नक्षी. टिकली नक्षीवर टेकली की दोन बाजू जुळतात. मायक्रोस्विचही हेच काम करतो, म्हणून त्याच्या दोन तारा त्या दोन बाजूंना जोडल्या की झाले. मात्र कार्बनवर सोल्डर बसत नाही. ब्लेडने नक्षीकडे जाणारी वाट हलक्या हाताने खरवडत जावे. हिरवा लेप जाऊन तांबे चमकले की तिथे बारीक तार लावावी. स्वस्त पॅडची पट्टी कागदी असते. तिच्यावर सोल्डरिंगची इस्त्री दोनतीन सेकंदांपेक्षा जास्त टेकली तर तांब्याची रेघ सालीसारखी उचलून येते, आणि एकदा उचललेली रेघ परत चिकटत नाही.

पॅड निवडताना मल्टीमीटर बीपवर ठेवून एक चाचणी करावीच. सगळ्या बटणांची एकेक बाजू आपसात बीप देत असेल तर त्या पॅडला सामाईक ग्राउंड, म्हणजे सगळ्या बटणांची परतीची एकच तार आहे: १२ स्विचला १२ तारा आणि एक ग्राउंड, मिळून १३ जोड. बीप येत नसेल तर बटणे ओळी-रकान्यांत गुंफलेली आहेत आणि प्रत्येक बटणाच्या दोन्ही तारा वेगळ्या न्याव्या लागतात, म्हणजे २४ जोड. दोन खेळाडूंसाठी हे आकडे २६ आणि ४८ होतात. दुसऱ्या प्रकारचा पॅड हातात आला तर तो खेळायला ठेवावा, सोल्डरिंगला घेऊ नये.

अॅनालॉग कांडी असलेल्या पॅडची आणखी एक खोड असते. कांडी काढून टाकली की तिच्या जागेचे माप तरंगत राहते आणि खेळातला माणूस आपोआप एका दिशेला चालू लागतो. मग प्रत्येक अक्षाला १० किलोओहमचे दोन रेझिस्टर लावून मध्य स्थिर करावा लागतो. त्यापेक्षा कांडी आहे तिथेच राहू द्यावी. ‘अॅनालॉग’ नावाचे दिवेवाले बटण असलेल्या साध्या पॅडमध्ये दिशांच्या बटणांची ओळखच त्या दिव्याबरोबर बदलते: कधी त्या अक्ष म्हणून कळतात, कधी वेगळे दिशाबटण म्हणून. एकदा नीट लावलेला फलक संगणक पुन्हा सुरू केल्यावर ‘वर’ला ओळखेनासा झाला, तर तारा उपसण्याआधी तो दिवा पाहावा.

जुन्या कॅसेटवाल्या टीव्ही गेमचे पॅड घराघरांत पडून असतात, पण त्यांच्या आतला चिप सगळ्या बटणांची स्थिती एकाच तारेवरून क्रमाने पाठवतो. मध्ये परिवर्तक घातल्याशिवाय संगणकाला ती भाषा समजत नाही.

कीबोर्डची वाट

इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. जुना कीबोर्ड फोडून त्याचे सर्किट वापरणे हे एक, आणि एन्कोडर वापरणे हे दुसरे. कीबोर्डच्या कळा ओळी-रकान्यांच्या जाळीत असतात. जाळीतल्या एखाद्या चौकटीचे तीन कोपरे एकदम दाबले की चौथा कोपराही दाबल्यासारखा भासतो, किंवा त्या भासाला टाळण्यासाठी कीबोर्ड तिसरी कळच नाकारतो. प्रत्येक कळेला डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असेल तर हा घोळ होत नाही, पण साध्या कीबोर्डात डायोड नसतात. टाइप करताना याने बिघडत नाही. दोन भावंडे एका फलकावर बसली, एकाने तिरके उडी मारून ठोसा दिला आणि त्याच क्षणी दुसऱ्याने बटण दाबले, की एकाचा ठोसा गायब होतो आणि भांडण सुरू होते. फोडलेला कीबोर्ड एका खेळाडूपुरता आणि शिकण्यापुरता ठीक आहे.

एन्कोडरमध्ये जाळी नसते. प्रत्येक बटणाला स्वतंत्र टोक असते आणि सगळ्यांना एक ग्राउंड. ब्रिटनमधल्या अल्टिमार्कचा ‘आय-पॅक २’ हा त्यातला सर्वांत परिचित. त्याला ३२ टोके आहेत, म्हणजे दोन खेळाडूंचे २४ स्विच बसून वर आठ उरतात. तारा स्क्रूने आवळायच्या, सोल्डर लागत नाही. मेमच्या मूळ मांडणीशी तो जुळवलेलाच येतो: पहिल्या खेळाडूला बाणांच्या कळा, डावा कंट्रोल, डावा ऑल्ट, स्पेस, दुसऱ्याला आर, एफ, डी, जी आणि ए, एस, नाणे ५ आणि ६ वर, स्टार्ट १ आणि २ वर.

यूएसबी कीबोर्डच्या सर्वांत साध्या संदेशात एका वेळी सहा कळा मावतात, पण कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट यांना त्यात वेगळी जागा असते. आता मुस्तफा खेळणारे दोघे घ्या. पहिल्याने तिरकी दिशा आणि दोन्ही बटणे दाबली तर सहापैकी दोनच जागा जातात, कारण त्याची बटणे कंट्रोल-ऑल्टवर आहेत. दुसऱ्याच्या चार. एकूण नेमके सहा. म्हणून मेमच्या कळांची मूळ मांडणी विनाकारण बदलू नये. तिसरा खेळाडू आला की हे गणित मोडते. मग सहापेक्षा जास्त कळा पाठवू शकणारा एन्कोडर हवा. विंडोजवर एक बंदोबस्त आधीच करावा: पहिल्या खेळाडूचे चौथे बटण डाव्या शिफ्टवर असते, आणि शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबली की ‘स्टिकी कीज’ची चौकट खेळाच्या मधोमध उघडते. ती सोय सेटिंगमधून बंद करून टाकावी.

बना-बनाया एन्कोडर महाग वाटतो त्यांनी एटीमेगा ३२यू४ हा चिप असलेला प्रो मायक्रो किंवा लिओनार्डो बोर्ड घ्यावा. तो स्वतःला कीबोर्ड म्हणवून घेऊ शकतो; आर्डुइनो उनो हे थेट करू शकत नाही, आणि चुकून उनो घेणारे बरेच असतात. प्रो मायक्रोला १८ टोके मिळतात, म्हणजे एक खेळाडू आरामात. जानेवारी २०२१ मध्ये चार डॉलरला आलेल्या रास्पबेरी पाय पिकोला २६ आहेत, म्हणजे दोघांचे २४ स्विच एकाच बोर्डावर.

बाजारात ‘झीरो डिले’ नावाने मिळणारी स्वस्त पट्टी कीबोर्ड नाही, ती गेमपॅड म्हणूनच ओळख देते. फक्त तारांना तयार प्लग असतात, म्हणून सोल्डर वाचतो. दोन खेळाडूंना दोन सारख्याच पट्ट्या लावल्या तर संगणकाला त्यांच्यात फरक कळत नाही आणि पुन्हा सुरू केल्यावर पहिला दुसरा होऊ शकतो. कीबोर्ड एन्कोडरमध्ये दोघे एकाच यंत्रावर असल्याने ही अदलाबदल होत नाही. उलट, हल्लीचे बरेच खेळ दोघांना दोन गेमपॅड असल्याशिवाय खेळू देत नाहीत. तेच खेळायचे असतील तर पॅडची ओळख देणारी पट्टीच घ्यावी.

वेगाबद्दल बोलले जाते तेवढा त्यात जीव नाही. साध्या यूएसबी पॅडची विचारपूस संगणक दर ८ ते १० मिलिसेकंदांनी करतो, चांगल्या एन्कोडरची दर मिलिसेकंदाला. खेळाचे एक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंद टिकते, म्हणजे दोन्हींतला फरक एका चित्राहूनही कमी.

खारी हवा

पावसाळ्यात किनाऱ्यावर हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या पुढे असते आणि वाऱ्याबरोबर समुद्राचे मीठ घरात येते. मीठ ओल धरते, ओल तांबे खाते. प्रस्तुत लेखकाचा मालवणातला पहिला फलक दोन गेमपॅडवर उभा होता, २६ जोडांचा. एका गणपतीत मुंबईहून आलेल्या भावंडांनी तो रात्री बारापर्यंत बडवला. मग गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवला. पुढच्या वर्षी चतुर्थीच्या आदल्या दिवशी खाली काढला तेव्हा पहिल्या खेळाडूची ‘वर’ दिशा आणि एक बटण मेलेले होते. झाकण उघडले तर जोडांच्या कडेला हिरवट थर, पितळेच्या कळकलेल्या भांड्याला असतो तसा. बोट लावताच एक तार मुळाशी तुटली. पुन्हा सोल्डर करताना खालची रेघ उचलली गेली आणि ते पॅड संपले. पाच दिवस मुले पाळीपाळीने एकटीच खेळली, ते अजून मनाला लागते.

स्क्रूचा जोडही गंजतोच, पण तो सोडवता येतो, तारेचे टोक अर्धा इंच कापून नवे घालता येते, आणि त्याला सोल्डरची इस्त्री लागत नाही. गणपतीच्या आदल्या रात्री लाईट गेलेली असताना ही गोष्ट फार मोठी असते. म्हणून किनाऱ्यावरच्या, वर्षातून काही दिवस वापरल्या जाणाऱ्या दोघांच्या फलकासाठी स्क्रू-टोकांचा एन्कोडर हीच या नोंदीची शिफारस आहे. एकट्यासाठी, हात बसवण्यासाठी, किंवा घरात पडलेल्या पॅडला कामाला लावण्यासाठी गेमपॅड उघडणे योग्यच. शिकायला त्यासारखे दुसरे नाही. फक्त सोल्डर झाल्यावर उरलेला फ्लक्स, म्हणजे सोल्डर नीट धरावा म्हणून वापरलेली राळ, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा, कारण तो ओल ओढतो, आणि जोडांवर रंगहीन नेलपॉलिशचा हात द्यावा.

एन्कोडर असला तरी मायक्रोस्विचची पाती उरतातच. एटीमेगा ३२यू४ चा आतला रेझिस्टर २० ते ५० किलोओहमचा असतो, म्हणजे पाच व्होल्टला स्विचमधून पाव मिलिअँपिअरपेक्षा जास्त प्रवाह जात नाही. पात्यावर बसलेला गंजाचा पातळ पापुद्रा फोडायला तो पुरत नाही, आणि बटण दोनदा दाबल्याशिवाय लागत नाही. पाच व्होल्टच्या बोर्डावर टोकापासून पाच व्होल्टपर्यंत बाहेरून एक किलोओहमचा रेझिस्टर लावला की स्विचमधून पाच मिलिअँपिअर वाहतात आणि पाती पुष्कळ काळ साफ राहतात. पिको ३.३ व्होल्टचा आहे. त्याच्या टोकांना पाच व्होल्ट कधीही लावू नयेत.

मायक्रोस्विचला तीन पाय असतात: कॉमन, एनओ (दाबल्यावर कॉमनशी जुळणारा) आणि एनसी (दाबल्यावर कॉमनपासून सुटणारा). तारा कॉमन आणि एनओवर हव्यात. एनसीवर लावल्या तर बटण सोडल्यावर दाबलेले आणि दाबल्यावर सुटलेले दिसते. तारेच्या टोकाला थिंबल (धातूची छोटी टोपी) दाबून ते पायावर बसवावे आणि त्यावर, गाडीच्या बॅटरीच्या टोकांना लावतात तशी, पेट्रोलियम जेली चोळावी. फळीसाठी साधा कमर्शियल प्लाय दोन पावसांत फुगतो. आयएस ७१० छापाचा मरीन प्लाय घ्यावा. बटणांची भोके होल सॉने पाडावीत, जपानी बटणांना ३० मिलिमीटरची. सावंतवाडीत लाकडी खेळण्यांवर लाखेचे रंग चढवणारे कारागीर आहेत. जॉयस्टिकच्या टोकाचा ३५ मिलिमीटरचा कातीव गोळा तिथे करून घेता येतो, फक्त आत ६ मिलिमीटरचे आटे हवेत असे सांगावे.

एन्कोडर फळीच्या पोटाला थेट चिकटवू नये, प्लॅस्टिकच्या बुटक्या पायांवर उचलून बसवावा. कौलारू घरात फळीच्या मागच्या कडेने पाणी कधी उतरेल सांगता येत नाही. यूएसबीची तार बाहेर काढताना तिला भोकाच्या खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी येऊन ठिबकते, बोर्डापर्यंत पोहोचत नाही.