बाळाची कावीळ आणि बाहेरची शाई

बारशाचे फोटो घरच्याच प्रिंटरवर छापले. कार्ट्रिज रिफिल केलेलं, शाई बाहेरची, कंपनीच्या शाईपेक्षा कितीतरी स्वस्त. आजीने एक फोटो खिडकीशी नेऊन पाहिला आणि विचारलं, "बाळाला कावीळ झाली होती का रे?"

तोवर मी तीनदा हेड क्लीनिंग, म्हणजे शाई फेकणाऱ्या भागाची सफाई, करून चुकलो होतो. फोटो बिघडला की आपला हात आधी तिकडेच जातो. त्यात प्रिंटर नोझलमधून, म्हणजे शाई बाहेर पडायच्या बारीक छिद्रांतून, शाई ओढून घेतो आणि आतल्या स्पंजच्या गादीत ओततो. शाई वाया जाते ती जाते, वर कधीतरी ती गादी भरली म्हणून प्रिंटर संप पुकारतो.

मुळात प्रिंटर काय करतो ते पाहू. १९७७ साली कॅनन कंपनीत इचिरो एंडो या संशोधकाच्या प्रयोगशाळेत तापलेली सोल्डरिंगची कांडी चुकून शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला लागली आणि टोकातून शाई उडाली. त्यातूनच उष्णतेने थेंब फेकणारा प्रिंटर जन्मला. (आपण रिफिलसाठी सिरिंजच वापरतो, हा योगायोग मला फार आवडतो.) एप्सन कंपनीच्या हेडमध्ये उष्णता नसते, तिथे वीज मिळाली की किंचित वाकणारं सिरॅमिक शाईला ढकलतं. रीत कोणतीही असो, थेंब अतिसूक्ष्म असतो. ४ पिकोलिटरचा थेंब म्हणजे सुमारे २० मायक्रॉन व्यासाचा, केसाहूनही बारीक. एका मिलिलिटरमध्ये असे २५ कोटी थेंब बसतात. एवढा थेंब नेमका तुटून पडायचा तर शाईचा दाटपणा आणि पृष्ठताण ठरावीकच लागतो. सगळं यंत्र एका विशिष्ट द्रवासाठी जुळवलेलं असतं, आणि आपण तो द्रवच बदलतो.

म्हणून पहिलं काम नोझल चेकचा, म्हणजे चाचणीच्या रेघांचा, कागद काढायचं. तो साध्या कागदावर निघतो, शाई नखभर लागते. रेघा तुटक आल्या तर लगेच क्लीनिंग न करता आणखी एक कागद काढावा आणि दोन्ही शेजारी ठेवावेत. तुटलेली जागा दोन्हीकडे तीच असेल तर तिथे शाई वाळून नोझल बुजलंय. क्लीनिंगचा उपयोग इथे होतो. जागा दर वेळी बदलत असेल तर शाईच्या वाटेत हवा शिरली आहे. तेव्हा प्रिंटर काही तास नुसता ठेवलेला बरा.

आणि नोझल चेक स्वच्छ, पण फोटो निम्मा छापल्यावर पट्टे पडू लागले तर? मग कार्ट्रिजच्या वरचं हवेचं छिद्र बघा. शाई बाहेर जाते तेवढी हवा आत यावी लागते. रिफिल करताना ते छिद्र चिकटपट्टीने किंवा सांडलेल्या शाईने बंद झालं की आत ओढ वाढते, सुरुवातीला शाई येते आणि मग हेड उपाशी पडतं. उष्णतेवर चालणाऱ्या हेडला हे फार महागात पडतं, कारण तिथला हीटर शाईनेच थंड राहतो.

माझा नोझल चेक मात्र अगदी नीट होता. म्हणजे शाई पोचत होती, तीच वेगळी होती. त्वचेच्या रंगासाठी किती मॅजेंटा (गडद गुलाबी), किती पिवळा, किती सायन (निळसर) टाकायचा हे प्रिंटरचा ड्रायव्हर, म्हणजे संगणकातला त्याचा प्रोग्रॅम, मूळ शाई आणि मूळ कागद धरून ठरवतो. माझा मॅजेंटा त्याहून फिका निघाला, म्हणून बाळ पिवळं-हिरवं. सहा रंगांच्या प्रिंटरमध्ये फिक्या सायनच्या टाकीत कुणी साधा सायन ओतला तर याहून मोठा गोंधळ होतो. आकाश शाईत बुडवल्यासारखं दिसतं.

हे तपासायला चेहरा नको, राखाडी घ्या. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतच्या राखाडी चौकटी रंगीत शाईने छापल्या की जो रंग कमी-जास्त आहे तो लगेच चुगली करतो. निकाल मात्र दुसऱ्या दिवशी लावावा, वाळताना छटा सरकते. कोकणातल्या पावसाळ्यात आणखी सबुरी. मग ड्रायव्हरमध्ये मॅजेंटा थोडा थोडा वाढवत जायचा. खरा उपाय म्हणजे त्या शाई-कागदाच्या जोडीचं मोजणी करून बनवलेलं रंगप्रोफाइल (रंग जुळवून देणारी फाइल), पण घरगुती फोटोंना चौकटी पुरतात.

कागदाचंही सांगायला हवं. ग्लॉसी कागदावर काळा रंग बोटाला लागत असेल तर बहुधा तिथे पिगमेंटची शाई आहे. तिचे कण कागदात मुरत नाहीत, वरच बसतात. डाय (विरघळलेल्या रंगाची शाई) आणि पिगमेंट एका टाकीत कधीच मिसळू नयेत, गाळ होतो.

बाळ आता गुलाबी आलं आहे. पण डायच्या शाईला हवेतल्या ओझोनची भीती असते. २००० साली एप्सनच्या स्वतःच्या शाईने आणि स्वतःच्या कागदावर छापलेले फोटो काही घरांत नारिंगी पडले होते, कारण सायन आधी उडाला. बाहेरच्या शाईची तर कुणी हमीच देत नाही. म्हणून मी एकाच दिवशी दोन प्रती काढल्या. एक आजीने काचेच्या फ्रेममध्ये देवघराशेजारी लावली, दुसरी फ्रिजवर चुंबकाखाली उघडी आहे. सहा महिने झाले. फ्रिजवरच्या बाळाचे गाल जरा नारिंगी व्हायला लागलेत.