राळेच्या धुरापासून थर्मल कॅमेऱ्यापर्यंत

जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये मोबाइल दुरुस्तीच्या काउंटरवर 'डेड' फोन येतो. मल्टिमीटर सांगतो, सप्लायची लाइन ग्राउंडला शॉर्ट आहे, म्हणजे वीज मधल्याच वाटेने थेट परत जातेय. पण त्या लाइनीवर तांदळाच्या कणीहून बारीक असे कितीतरी कपॅसिटर (वीज साठवणारे भाग), तेही समांतर जोडलेले. कुठल्याही एकावर मीटर लावा, शॉर्टच दाखवणार. एकेक उपटून बघायचं तर बोर्डाची वाट लागते.

म्हणून कारागीर बोर्डाला राळेचा धूर देतात. पांढुरका थर बसला की त्या लाइनीत जेमतेम एक व्होल्टाने प्रवाह सोडायचा. शॉर्ट झालेला कपॅसिटर तापतो, त्याच्यावरची राळ वितळते आणि पांढऱ्या बोर्डावर तेवढाच ठिपका उघडा पडतो. पाचपन्नास रुपयांत होणारं काम, आणि तत्त्व प्रयोगशाळेतल्या महागड्या यंत्राचंच.

थर्मल कॅमेरा धुराशिवाय तेच दाखवतो. प्रत्येक वस्तू तापमानानुसार अवरक्त (इन्फ्रारेड) किरण सोडते. हा कॅमेरा साधारण ८ ते १४ मायक्रोमीटर तरंगलांबीचे किरण टिपतो. मात्र चकचकीत धातू फसवतो. तो स्वतः फार कमी किरण सोडतो आणि आजूबाजूचे परावर्तित करतो. त्यामुळे गरम सोल्डर थंड दिसतं, कधी तर त्यात कारागिराच्या हाताचीच ऊब दिसते.

बिघाड अगदी किरकोळ असेल, तर त्याची ऊब आजूबाजूच्या उष्णतेत हरवते. मग सप्लाय ठरावीक ठेक्यात चालू-बंद करतात आणि संगणक हजारो चित्रांतून त्याच ठेक्यावर तापणारी जागा वेगळी काढतो. अशाने अंशाच्या हजाराव्या भागाहून कमी फरकही सापडतो. खोलीतला उकाडा त्या ठेक्यावर बदलत नाही, त्यामुळे तो आपोआप गाळला जातो.

चिपच्या आतलं बघायला सिलिकॉनच मदत करतं. सुमारे १.१ मायक्रोमीटरच्या पुढच्या प्रकाशाला ते बऱ्यापैकी पारदर्शक असतं. म्हणून चिप पाठीमागून घासून पातळ करतात आणि वीज गळणाऱ्या ट्रान्झिस्टरमधून (चिपमधल्या सूक्ष्म स्विचमधून) निघणारा अतिमंद प्रकाश संवेदनशील कॅमेऱ्याने टिपतात.

बहुतेक सोलर पॅनेलंही सिलिकॉनचीच. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौरप्रकल्प आहे. एवढ्या पसाऱ्यात तडकलेला सेल नुसत्या नजरेने कसा सापडणार? सिलिकॉन पॅनेलला अंधारात बाहेरून प्रवाह दिला की ते उलट काम करतं: १.१५ मायक्रोमीटरच्या आसपास मंद चमकतं. डोळ्यांना दिसत नाही, पण आतला अवरक्त फिल्टर काढलेल्या साध्या डिजिटल कॅमेऱ्यालाही दिसतं. तडा काळ्या रेघेसारखा उमटतो. तड्यामुळे प्रवाहापासून तुटलेला तुकडा पूर्ण काळा.

या तपासणीला पॅनेलची जोडणी सोडवून बाहेरून प्रवाह द्यावा लागतो, वर रात्र हवी. त्यामुळे मोठ्या प्रकल्पांत आधी भर उन्हात, वीजनिर्मिती चालू असतानाच ड्रोनवरच्या थर्मल कॅमेऱ्याने गरम सेल हेरतात आणि संशयित पॅनेलांपुरतीच रात्रपाळी करतात.